कापूस, उचल आणि गुलामगिरी

जळगाव हे कापसाने वाढवलेले गाव आहे, हे येथील जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. जिन, प्रेस, गिरणी आणि अडत्यांच्या पेढ्या यांच्या आधाराने या गावाचे शहर झाले. परंतु या वाढीला पहिला जोराचा रेटा कोठून मिळाला, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी तापीचा काठ सोडून थेट अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या काठी जावे लागते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस बंदरांत अडकून पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. त्या वर्षांत खानदेशच्या कापसाला पूर्वी कधी न ऐकलेला भाव आला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली.

ते युद्ध ज्या प्रश्नावरून पेटले तो गुलामगिरीचा होता. तेव्हा गुलामगिरी हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरदेशीचा नाही. या लेखात आम्ही तीन प्रश्नांचा विचार करणार आहोत. शेतीला गुलाम का लागले? कायद्याने गुलामगिरी बंद झाल्यावर तेच मळे कोणाच्या श्रमावर चालले? आणि आपल्या खानदेशात माणूस बांधून ठेवण्याची रीत होती काय, आणि असल्यास ती कशाने सैल झाली?

गुलाम कोणाला म्हणावे?

गुलाम म्हटला की आपल्या मनात साखळदंड आणि चाबूक येतात. इतिहासात मात्र गुलामांचे अनेक प्रकार आढळतात. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा आणि जमीनमहसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. तो अनेकदा विकला गेला होता. १६२६ साली तो वारला तेव्हा दख्खनच्या राजकारणातील एक मोठा पुरुष गेला असे शत्रूंनाही वाटले. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. दुष्काळात पोटची पोरे विकली जात, ती याच वर्गात येऊन पडत. या बायका वाड्यांत, गोठ्यांत आणि कोठारांत राबत. त्या काळी महाराष्ट्रातील शेती मात्र मुख्यत्वे कुणब्याच्या कुटुंबाच्या आणि गड्यांच्या हातांनी होत असे. गुलामांच्या टोळ्या लावून शेती करण्याची पद्धत येथे रुजली नाही.

गुलामांच्या व्यापाराचे अनिष्टपण आपल्याकडे कोणाला उमगले नव्हते, असेही नाही. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात आपल्या ताब्यातील मुलखात माणसांची खरेदी-विक्री चालणार नाही, असे स्पष्ट बजावले होते. पूर्वीच्या अमलात डचांना जी मोकळीक होती, ती या कौलाने काढून घेतली.

मग सेनापती झालेला हबशी, वाड्यातील बटीक आणि अमेरिकेच्या मळ्यावरील मजूर, या सर्वांना एकच शब्द लावायचा तो कशाच्या आधारे? आमच्या मते कसोटी एकच आहे. या माणसाला काम सोडून जाता येते काय? मार किती पडतो, पोटाला किती मिळते, मालक मायाळू आहे की कठोर, या गोष्टी त्यानंतरच्या. जो आपल्या इच्छेने जाऊ शकत नाही आणि गेल्यास ज्याला धरून आणतात, तो बांधलेला. ही कसोटी ध्यानात ठेवली तर पुढील विवेचन समजायला सोपे जाईल.

शेतीला गुलाम का लागले?

डच अभ्यासक नीबूर याने १९०० साली आणि अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डोमार याने १९७० साली या प्रश्नाचा जो उलगडा केला, तो व्यवहारी माणसाला चटकन पटण्यासारखा आहे. समजा, एका मुलखात जमीन मुबलक आहे आणि माणसे थोडी आहेत. अशा ठिकाणी जो तो म्हणेल, मी दुसऱ्याच्या शेतावर का राबू? चार कोस पुढे जाऊन स्वतःचे रान तोडीन आणि स्वतःचे पेरीन. मग स्वतः न राबता शेतीवर जगू पाहणाऱ्या मोठ्या जमीनमालकाने मजूर आणावा कोठून? डोमार म्हणतो, मुबलक जमीन, मोकळा मजूर आणि स्वतः न राबणारा मालक या तीन गोष्टी एके ठिकाणी नांदत नाहीत. त्यांतील कोणत्याही दोनच नांदतात. तिसरीही हवी असेल तर मजुराची मोकळीक काढून घ्यावी लागते. अर्थात, ती काढून घ्यायची की नाही हे सरकार कोणाच्या पाठीशी उभे राहते त्यावर ठरते. केवळ जमीन भरपूर आहे म्हणून गुलामगिरी आपोआप उगवत नाही.

अमेरिका खंडात सरकार मालकांच्या पाठीशी उभे राहिले. जमीन अफाट होती. मूळचे रहिवासी युद्धांनी आणि युरोपातून आलेल्या रोगांनी मरून गेले होते. तेथे ऊस, तंबाखू आणि कापूस पिकवून युरोपात विकायचा होता. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोट आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून तिकडे धाडण्यात आली. त्यांतील सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. उसाचे काम तर असे की तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर रस बिघडतो. म्हणून हंगामात रात्रंदिवस माणूस हाताशी लागतो. असा माणूस मिळवण्याचा मार्ग मळेवाल्यांनी खरेदीत शोधला.

कापसाची कथा आणखी शिकवण्यासारखी आहे. १७९३ साली एली व्हिटनी याने सरकी वेगळी करणारा जिन तयार केला. यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी होतील, अशी कोणाचीही समजूत होईल. घडले उलट. सरकी काढण्याचे काम झपाट्याने होऊ लागल्यावर जितका कापूस पिकेल तितका खपू लागला आणि लागवडीला व वेचणीला हात कमी पडू लागले. १७९० साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ते एकोणचाळीस लाखांच्या वर गेले. त्या वर्षी धट्ट्याकट्ट्या तरुण गुलामाची किंमत हजार डॉलरहून अधिक पडे. मालक गुलाम गहाण ठेवून कर्ज काढी, त्या कर्जातून नवी जमीन घेई आणि त्या जमिनीवर पुन्हा गुलाम आणी. लिव्हरपूलचा व्यापारी, न्यूयॉर्कची पेढी आणि मँचेस्टरची गिरणी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकांनी गुलाम डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

युद्धाचा भाव

यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा उत्तरेकडील सरकारने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडला लागणाऱ्या कापसात हिंदुस्थानचा वाटा १८६० साली सुमारे १६ टक्के होता. १८६२ साली तो सुमारे ७५ टक्क्यांवर गेला. एरवी आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला म्हणून नाक मुरडले जाई, तोच आपला कापूस आता बोली लावून उचलला जाऊ लागला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशातून पुढे सरकत होती, त्यामुळे माल मुंबईला नेण्याची सोय झाली. मुंबईत शेअरांचा आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचा सट्टा शिगेला पोचला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि सट्टेवाल्यांच्या पेढ्या बुडाल्या. जळगावच्या पेठेलाही त्या मंदीचा मोठा फटका बसला. पुढे ती सावरली. भाव चढला असता ज्यांनी सावकाराकडून हात सैल सोडून कर्ज काढले, त्यांच्या डोक्यावर ते कर्ज भाव उतरल्यावरही तसेच राहिले.

या घडामोडींकडे महाराष्ट्रातील एका पुरुषाने व्यापाऱ्याच्या नजरेने न पाहता माणुसकीच्या नजरेने पाहिले. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना तो अर्पण केला. आपल्याकडील शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे नाते त्यांनी समुद्रापलीकडील दास्याशी जोडले. खानदेशचा कापूस आणि मिसिसिपीचा कापूस हे एकाच बाजाराचे दोन पदर होते, हे लक्षात घेतले तर जोतीरावांनी जोडलेले हे नाते निव्वळ अलंकारिक वाटणार नाही.

साखळी गेली, वही आली

इंग्लंडने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली केला आणि १८३४ पासून तो अमलात आणला. त्यापोटी दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली. ती मालकांना मिळाली, गुलामांना दमडीही नाही. उसाचे मळे तर चालायलाच हवे होते. त्याच १८३४ सालापासून मॉरिशसला हिंदी मजूर करारावर जाऊ लागले. त्यांत कोकणातील आणि घाटावरील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी सण पाळतात. या कराराला मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ हे नाव पडले. गिरमिटिया विकत घेतलेला नव्हता आणि त्याच्या कराराला मुदत होती, हा फरक खराच. पण मुदतीच्या आत काम सोडले तर त्याला तुरुंग दाखवला जाई. जगभर पोचलेली ही पद्धत मोडायला १९१७ साल उजाडावे लागले.

हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी कोणालाही कोणाचा गुलाम मानू नये असे ठरले, आणि १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. परंतु या दोहोंच्या मध्ये, १८५९ साली, आणखी एक कायदा झाला. कामासाठी आगाऊ पैसे घेऊन कामावर न येणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. काम कर किंवा पैसे परत दे, असा हुकूम होई. तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आसामच्या चहामळेवाल्यांनी या कायद्याचा भरपूर उपयोग केला. तो रद्द झाला १९२६ साली. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याचे पैसे बुडवले तर दिवाणी दावा, आणि मजुराने उचल घेऊन काम सोडले तर फौजदारी! गुलामगिरी रद्द करणाऱ्या राज्याने मजुराला जागच्या जागी ठेवण्याची दुसरी सोय अशी करून ठेवली होती.

अमेरिकेतही काही वेगळे झाले नाही. १८६५ साली सुमारे चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. त्यांना जमीन मिळेल अशी आशा दाखवण्यात आली होती. काही ठिकाणी दिलेली जमीनही पुढे परत घेण्यात आली. ज्याच्याजवळ जमीन नाही, बैल नाही, बी नाही, तो जुन्याच मालकाकडे बटाईने शेत करू लागला आणि दुकानातून उधारीवर दाणागोटा आणू लागला. पीक निघाले की हिशेब होई आणि वहीत बाकी उरे. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील कापसाचे पीक युद्धापूर्वीच्याही पुढे गेले. चाबूक नसतानाही कापूस पिकतो, हे यावरून सिद्ध झाले. पण ज्याला जमीन नाही त्याचे स्वातंत्र्य किती तोकडे असते, हेही त्याबरोबरच सिद्ध झाले.

खानदेशचा सालदार

आता आपल्या अंगणात येऊ. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा तो जवळजवळ उजाड होता. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यानंतरचे दंगेधोपे यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. म्हणजे जमीन मुबलक आणि माणसे थोडी, ही डोमारची पहिली अट येथे पुरी होत होती. तरी येथे अमेरिकेसारखे मळे झाले नाहीत. सरकारला महसूल हवा होता आणि त्याने तगाई व सवलती देऊन शेतकरी बसवले. गुजरातेतून आणि इतर भागांतून माणसे आली, आणि रयतवारीने छोटे खातेदार उभे राहिले.

या वसाहतीत ज्यांचे डोंगर आणि जंगल आक्रसत गेले ते भिल्ल होते. १८२५ साली औट्रम याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली आणि काहींना नोकरी दिली. बाकीच्यांना शेती करा असे सांगण्यात आले. परंतु १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राने राखीव होत गेली, आणि हाती आलेली जमीन सावकारीच्या वाटेने निसटत गेली. पूर्वी मालक पसंत नसेल तर माणूस डोंगरात जाई. आता डोंगरातही वाट उरली नाही. तळोदा, शहादा, अक्कलकुवा या तापी-नर्मदेमधील भागात, म्हणजे १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यात, ही स्थिती विशेष दिसून येई.

येथे सालदारीचा विचार केला पाहिजे. आखाजीला साल ठरते. वर्षाची रक्कम, धान्य, कपडा, वहाणा यांची बोली होते, आणि पुढील आखाजीपर्यंत गडी त्या घरचा. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी सालदार असेल. तो घरच्या माणसासारखा वागवला गेला असेल आणि साल संपल्यावर पटले तर राहिला, नाही तर गेला असेल. अशा सालदाराला गुलाम म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. आमची कसोटी त्याला मोकळा ठरवते.

पण लग्नाचे देज भरण्यासाठी, आजारपणासाठी किंवा पावसाळ्यातील दाण्यासाठी ज्याने उचल घेतली, त्याचे साल आखाजीला संपत नसे. खाडे धरले जात, व्याज चढे आणि बाकी पुढील सालात ओढली जाई. बापाची बाकी मुलाच्या नावावर येई. बायको शेणगोठा करी आणि पोरगा गुरे वळी, त्याचा वेगळा हिशेब क्वचितच होई. दुसरीकडे अधिक पैसे मिळत असले तरी बाकी फेडल्याशिवाय जाता येत नसे, आणि बाकी फेडता येईल अशी मजुरीच नसे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांत अशा माणसाला ‘लग्नगडी’ हे नावच पडले होते. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. नवापूरच्या पलीकडे दक्षिण गुजरातेत ‘हाली’ म्हणून ओळखला जाणारा गडी याच प्रकारचा.

मालकाच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार अगदी हिशेबी होता. कापसाला निंदणीच्या आणि वेचणीच्या वेळी माणूस न मिळाला तर वर्षाची कमाई मातीत जाते. तो माणूस ऐन वेळी हजर राहील याची खात्री मालक उचलीने विकत घेई. उचल हा केवळ उपकार नव्हता. ते भविष्यातील श्रमांवर टाकलेले कुलूप होते.

कुलूप कशाने उघडले?

१९७२ साली शहादे भागात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गमावलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी आणि माणुसकीची वागणूक हे प्रश्न चव्हाट्यावर आणले. एकटा सालदार काम सोडतो तेव्हा तो पळून गेलेला ठरतो. शंभर सालदार मिळून बसतात तेव्हा बोलणी करावी लागतात, हा धडा या भागाने पाहिला.

दुसरी किल्ली कायद्याची. १९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध केली होतीच. १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची सारी कर्जे रद्द ठरवली. वेठीला धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अंमलबजावणीचा भार जिल्हाधिकाऱ्यावर आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीदेखील वेठच होय. भूक हीसुद्धा सक्तीच आहे, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले.

तिसरी किल्ली आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, आणि १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला. खडी फोडणे, बांध घालणे हे काम काही सुखाचे नव्हे. परंतु ज्या गावी असे काम सुरू होते त्या गावच्या मजुराला ‘नाही’ म्हणण्याची सोय होते. पूर्वी डोंगराने जे दिले होते, ते थोड्याफार प्रमाणात रोजगार हमीने परत दिले. डोमारचा सिद्धान्त उलटा वाचला तर हेच निघते. माणसाला जायला दुसरी जागा असेल, तर त्याला बांधणे कठीण होते.

मग आज प्रश्न मिटला काय? दर वर्षी पावसाळा सरला की मराठवाड्यातून आणि आपल्या खानदेशातूनही ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोन माणसांच्या कष्टांना एका हत्याराचे नाव! आजारपणात खाडा लागतो आणि फिटली नाही ती उचल पुढील हंगामावर जाते. येथे पुष्कळजण आपल्या खुशीने जातात आणि चार पैसे घेऊन परत येतात, हे नाकारण्याचे कारण नाही. उचल वाईटच असेही आम्ही म्हणत नाही. ज्याला बँक उभी करत नाही त्याला लग्न, दवाखाना आणि पावसाळा भागवायला उचल हाच आधार असतो. प्रश्न फक्त तोच आहे. या माणसाला मधेच सोडून जायचे झाले तर काय होते? हिशेब होऊन तो घरी जात असेल तर तो मजूर. त्याला किंवा त्याच्या मुलाला अडकवून ठेवत असतील तर नाव काहीही असो, ती गुलामगिरी.

व्याख्यानमालेचे हे दिवस आणि आखाजी जवळजवळच येतात. येत्या आखाजीला गावोगाव साले ठरतील. आमची सूचना साधी आहे. उचलीचा आकडा दोघांच्याही वहीत असावा. उचलीवर व्याज नसावे. बायकोची आणि मुलाची मजुरी वेगळी धरावी, आणि मूल असेल तर त्याने शाळेत असावे. बाकी राहिली तरी गड्याला जाता यावे. बाकीची वसुली उधारीसारखी व्हावी, माणसाला धरून नव्हे. यात मालकाचे नुकसान होईल असे कोणास वाटेल. परंतु ज्या घरातून गडी कधीही जाऊ शकतो आणि तरीही जात नाही, त्या घरची शेती कशी असते, हे आपल्यापैकी शेती असलेल्यांना ठाऊक आहेच.